भाड्यानें देण्यासाठीं घर घ्यावें काय ?

नोकरींतून निवृत्त होणाऱ्या गृहस्थाच्या हातीं आयुष्यांत एकदांच मोठी रक्कम येते, आणि ती हातीं पडण्यापूर्वींच तिचें काय करावें हें सांगणारीं माणसें घरीं येऊं लागतात. त्यांच्या सल्ल्यांत एक सल्ला हमखास असतो. "एखादा फ्लॅट घेऊन टाका, भाडें येत राहील, आणि किंमत वाढेल ती निराळीच." असें सांगणारा बहुधा हितचिंतकच असतो. परंतु घर ही वस्तु अशी आहे कीं, घेतल्यावर मन पालटलें म्हणून ती आठ दिवसांत दुकानदाराला परत करतां येत नाहीं. निवृत्तीची पुंजी, किंवा दोघां भावांनीं मिळून सांठविलेला पैसा अशा वस्तूंत घालावयाचा, तर आधीं कागद-पेन्सिल घेऊन बसणें हें शहाणपणाचें. भाड्याच्या उत्पन्नासाठीं प्रथमच घर घेऊं पाहणाऱ्या कुटुंबांसाठींच हा लेख लिहिला असून, त्यांतील माहिती मुख्यतः महाराष्ट्रांतील शहरांस, विशेषतः पुण्या-मुंबईस, लागू पडणारी आहे.

आपल्या घरांतून घरभाड्याविषयीं दोन परस्परविरुद्ध समजुती एकाच छपराखालीं नांदत असतात. आजोबांच्या पिढीला घरमालक म्हणजे गांवांतील भारदस्त असामी वाटे. पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतील वाड्यांत मधल्या चौकाच्या एका अंगास मालक राही व भोंवतीं सात-आठ बिऱ्हाडें असत. त्यांचें भाडें हें मालकाचें बिनकष्टाचें उत्पन्न समजलें जाई. वडिलांच्या पिढीनें मात्र त्याच वाड्यांचे हाल पाहिले. कौलें गळत आहेत, मालक दुरुस्ती करीत नाहीं, भाडेकरू जागा सोडीत नाहीं, आणि दोघेही कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत आहेत, असें दृश्य गल्लोगल्लीं होतें. म्हणून ज्या घरांत "भाडें येत राहील" असें म्हटलें जातें, त्याच घरांत "भाडेकरू घुसला कीं निघत नाहीं" असेंही कोणी तरी म्हणतच असतें. हीं दोन्ही वाक्यें खरीं होतीं. पण तीं वेगवेगळ्या काळांतील व वेगवेगळ्या कायद्यांखालील होतीं, हें लक्षांत घेतलें नाहीं तर पुढला सारा विचार चुकतो.

मुंबई इलाख्यांत भाडें गोठविण्यास आरंभ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, झाला. पुढें १९४७ चा मुंबई भाडे-नियंत्रण कायदा आला व त्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच सर्वसाधारणपणें 'प्रमाण भाडें' ठरविलें. युद्धकाळांत आणि फाळणीच्या वर्षीं शहरांत जागेची जी टंचाई होती ती पाहतां, त्या वेळीं या कायद्याची गरज नव्हती असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु तो तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षें टिकला. चूना, विटा, गवंड्याची मजुरी सारें वाढलें. भाडें तेवढें १९४० सालचें राहिलें. वाडे पडले ते कांहीं केवळ १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानें पडले नाहींत. पुष्कळसे या गोठलेल्या भाड्यानें हळूहळू पडले. त्यांत आणखी भर म्हणजे, भाडेपट्टा न करतां नुसत्या परवानगीनें जागा वापरावयास देण्याची जी पळवाट मालकांनीं काढली होती, तीही १९७३ सालीं बंद झाली. त्या वर्षाच्या १ फेब्रुवारीस जे परवानाधारक जागेंत होते त्यांना कायद्यानें भाडेकरूचेच हक्क दिले. त्या एका घटनेची धास्ती इतकी बसली कीं, पुढें कित्येक वर्षें पुण्या-मुंबईंतील मालकांनीं घरें कुलूप लावून रिकामीं ठेवलीं, पण भाड्यानें दिलीं नाहींत.

डिसेंबर १९९७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें प्रमाण भाड्याच्या या तरतुदी काळानुसार अवाजवी झाल्या असल्याचा निर्वाळा दिला, आणि त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. जुन्या भाडेकरूंचें संरक्षण त्यांतही कायम आहे. फक्त मालकास दरसाल चार टक्के वाढ घेतां येते. वीस रुपयांवर चार टक्के म्हणजे किती, हा हिशेब वाचकांनींच करावा ! पागडीची देवघेवही याच कायद्यानें राजरोस मान्य केली. नवख्या गुंतवणूकदारानें यावरून एवढेंच घ्यावयाचें कीं, जुने भाडेकरू असलेला वाडा किंवा पागडीची चाळ कितीही स्वस्त मिळत असली तरी ती आपली पहिली खरेदी असूं नये. तो व्यवहार कायद्यांत मुरलेल्यांचा आहे, पेन्शनीवाल्यांचा नव्हे.

आपल्या उपयोगाची गोष्ट या कायद्यांत निराळीच आहे. ती म्हणजे 'लीव्ह अँड लायसन्स' या नांवानें ओळखला जाणारा करार. भाडेकरूला जागेंत हक्क प्राप्त होतो. लायसन्सवर राहणाऱ्याला ठराविक मुदतीपुरती वापरण्याची परवानगी तेवढी मिळते. राहण्यासाठीं दिलेल्या जागेची मुदत संपल्यावर त्यानें ती सोडली नाहीं, तर मालकास दिवाणी कोर्टाचा लांबचा रस्ता न धरतां यासाठीं नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करतां येतो; आणि मुदतीनंतर जितके दिवस तो जागा अडवून ठेवील तितक्या दिवसांचें ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानें नुकसान भरून देण्यास तो बांधला जातो. आज शहरांत राहतीं घरें जवळजवळ सर्व याच करारानें दिलीं जातात. तेव्हां 'भाडेकरू निघत नाहीं' ही भीति, कागद नीट केले असतील तर, वडिलांच्या पिढीइतकी बाळगण्याचें कारण उरलेलें नाहीं. खरी भीति दुसरीकडेच आहे, आणि ती म्हणजे हिशेबाची.

हा हिशेब एकदां उलगडून पाहूं. पुण्या-मुंबईंत राहत्या घराचें वर्षाचें भाडें त्याच्या किंमतीच्या मानानें साधारण शेंकडा दोन ते साडेतीन असतें. उदाहरणादाखल ८० लाखांचा एक फ्लॅट घेऊं, ज्याला महिना २०,००० रुपये भाडें येतें. वर्षाचे २,४०,००० झाले, म्हणजे बरोबर तीन टक्के. सल्ला देणाऱ्या मंडळींचा हिशेब येथेंच थांबतो. आपला येथें सुरू होतो. पहिली गोष्ट, फ्लॅट ८० लाखांत पडतच नाहीं. पुण्यांत मुद्रांक शुल्क व त्यावरील अधिभार मिळून सात टक्के धरल्यास ५ लाख ६० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. दलाली एक टक्का, म्हणजे ८० हजार. आणि रंग, पंखे, गीझर, स्वयंपाकघरांतील कपाटें, खिडक्यांच्या जाळ्या यांवर बेताचा खर्च म्हटला तरी ३ लाख ३० हजार. एकूण ९० लाख झाले. आपला भांडवली आंकडा हा आहे.

आतां उत्पन्नाकडे वळूं. एक बिऱ्हाड जाऊन दुसरें येईपर्यंत घर रिकामें राहतें. सरासरीनें वर्षास एक महिना तसा धरावा. बारा महिन्यांचे अकरा झाले, म्हणजे २,२०,०००. सोसायटीचा देखभाल-खर्च महिना ३,००० प्रमाणें ३६,०००. मालक स्वतः राहत नाहीं म्हणून सोसायटी जें जादा शुल्क घेते, तें सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेतां येत नाहीं अशी राज्य सरकारची २००१ सालची आज्ञा आहे. त्याचे वर्षास २,४०० धरूं. मिळकतकर १४,०००. येथें पुणेकरांनीं ध्यानांत ठेवावें कीं, स्वतः राहणाऱ्या मालकास महानगरपालिका जी ४० टक्क्यांची सवलत देते ती घर भाड्यानें दिल्यावर मिळत नाहीं. दुरुस्ती, नळ, रंग मिळून वर्षास सरासरी २०,०००; दलाल व करारनोंदणी यांचा वार्षिक वांटा १०,०००; विमा व किरकोळ २,६००. बेरीज ८५,००० होते. शिल्लक राहिले १,३५,०००. म्हणजे ९० लाखांवर अवघे दीड टक्का! बँकेची मुदत ठेव गेलीं कांहीं वर्षें बसल्या जागीं सहा-सात टक्के देत आली आहे, आणि तिचा नळ गळत नाहीं.

"पण किंमत वाढते ना," असें यावर कोणीही म्हणेल. वाढते हें खरें. पुष्कळदा चांगली वाढते. परंतु तिचाही हिशेब करावा. ज्या घरांत आपले ९० लाख गुंतले त्याची बाजारांतील किंमत पहिल्या दिवशीं ८० लाखच असते; म्हणजे ती साडेबारा टक्के वाढेल तेव्हां कोठें आपण होतों तेथें येतों. आणि मुदत ठेवीच्या सात टक्क्यांची बरोबरी करावयाची तर दीड टक्का भाड्याचा वजा जातां, त्यापुढें दरसाल साडेपांच टक्क्यांनीं किंमत वाढत राहिली पाहिजे. ती वाढेलच असें छातीठोकपणें सांगणाऱ्यानें २०१४ नंतरचीं चार-पांच वर्षें आठवावीं. त्या काळांत पुण्या-मुंबईंतील पुष्कळ भागांत किंमती जागच्या जागीं होत्या. भाड्याचें घर घेणें म्हणजे पाऊण भाग किंमतवाढीवर विश्वास टाकणें होय, असें माझें स्पष्ट मत आहे. आणि तो विश्वास टाकतांना निदान आपण काय करीत आहोंत हें आपणांस ठाऊक असावें.

कर्ज काढून घर घेणाराची गोष्ट याहून कठीण. ६० लाखांचें कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षें मुदत, असें धरल्यास महिन्याचा हप्ता सुमारें ५२,००० होतो. "भाड्यांतून हप्ता फिटेल" हें वाक्य इतक्या घरांतून ऐकूं येतें कीं, तें कोणी तपासून पाहिलें असेल असें वाटत नाहीं. भाड्याचे खर्च वजा जातां महिना ११,००० च्या आसपास हातीं उरतात. उरलेले जवळजवळ ४१,००० पगारांतून घालावे लागतात, तेही वीस वर्षें. बँकेला परत जाणारी एकूण रक्कम सव्वा कोटीच्या घरांत जाते. घरांत दोन पगार येत असून मुलें लहान असतील, तर ही सक्तीची बचत म्हणून कोणी पत्करील. तिला मी नांवें ठेवणार नाहीं. पण निवृत्तीला पांच-सहा वर्षें उरलीं असतां भाड्याच्या भरंवशावर कर्ज काढूं नये.

आयकराचें थोडक्यांत सांगतों. आलेल्या भाड्यांतून भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेंतून सरसकट ३० टक्के दुरुस्ती वगैरेंसाठीं वजा मिळतात, मग प्रत्यक्ष खर्च कमी झालेला असो वा अधिक. वरच्या उदाहरणांत करपात्र रक्कम १,४४,२०० येते. तीस टक्क्यांच्या पायरीवरील माणसास उपकरासह तीवर ४५,००० कर भरावा लागेल व हातीं ९०,००० उरतील. म्हणजे भांडवलावर फक्त एक टक्का. उलट नव्या करपद्धतींत २०२५-२६ या वर्षापासून, कांहीं विशेष प्रकारचें उत्पन्न सोडल्यास, बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर पडत नसल्यानें, माफक पेन्शन असलेल्या गृहस्थास हा कर लागणारही नाहीं. एकच घर दोघांस निराळें फळ देतें तें असें. कर्जाचें व्याज भाड्याच्या उत्पन्नांतून वजा होतें. परंतु व्याज भाड्याहून अधिक झाल्यास तो तोटा पगारांतून वळता करून घेण्याची सोय जुन्या पद्धतींत दोन लाखांपर्यंतच आहे, आणि नव्या पद्धतींत मुळींच नाहीं. विकणारा दलाल 'कर वांचतो' म्हणून सांगतो तो बहुधा जुन्या पद्धतीचा पाढा असतो.

एवढें ऐकून ज्यांचा उत्साह मावळला असेल त्यांनीं खंत करूं नये. दुकानें व कचेऱ्यांच्या जागा यांचें भाडें किंमतीच्या मानानें राहत्या घराहून पुष्कळ अधिक येतें. मात्र त्या एकदां रिकाम्या झाल्या तर महिनोन्महिने तशाच राहतात, आणि त्यांतील जाणकारी निराळी आहे. थोडक्या रकमेंत मोठ्या कचेऱ्यांच्या भाड्याचा वांटा मिळावा अशी सोयही आतां झाली आहे. 'रीट' नांवाचे न्यास २०१९ पासून आपल्याकडील शेअरबाजारांत आहेत व वाटण्याजोग्या रकमेपैकीं किमान ९० टक्के भाग त्यांनीं भागधारकांस वांटलाच पाहिजे, असा नियम आहे. त्यांचे भाव शेअरांप्रमाणें खालीं-वर होतात, हें अर्थात् गृहीत धरावें.

इतकें करूनही घरच घ्यावयाचें ठरलें, तर कोणतें घ्यावें ? येथें बहुतेक लोक एक ठोकळ चूक करतात. ते आपणांस राहावयास आवडेल असें घर पाहतात. भाड्याच्या घरांत आपण राहणार नाहीं. त्यांत कोण राहणार याचा विचार आधीं केला पाहिजे. महाविद्यालयाजवळ विद्यार्थी, मोठ्या रुग्णालयाजवळ परिचारिका व शिकाऊ डॉक्टर, हिंजवडी-खराडीकडे संगणक-कंपन्यांतील तरुण मंडळी, जुन्या पेठांत वा कोथरुडांत मुलांच्या शाळेसाठीं आलेलीं कुटुंबें. प्रत्येकाची गरज व भाडें देण्याची ताकद वेगळी. साधारणपणें एक मोठा फ्लॅट घेण्यापेक्षां तेवढ्याच पैशांत दोन लहान मिळत असतील तर ते बरे; एक रिकामा पडला तरी दुसऱ्याचें भाडें चालू राहतें. जागा पाहण्यास दलालाबरोबर रविवारीं सकाळीं जाऊं नये. आठवड्याच्या मधल्या दिवशीं संध्याकाळीं सात वाजतां जावें, आणि शक्य तर एकदां जुलै महिन्यांत जावें. फाटकापाशीं पाण्याचा टँकर उभा दिसला तर पहारेकऱ्याला सहज विचारावें कीं आठवड्यांतून किती येतात. पुण्याच्या भोंवतालच्या नव्या वस्त्यांत टँकरचें पाणी हा देखभाल-खर्चांतील मोठा भाग असतो, व तो जाहिरातीच्या कागदावर कधींच छापलेला नसतो. वरच्या मजल्याचें छत, स्नानगृहाची मागली भिंत व लिफ्टचा आवाज यांकडे गृहिणींची नजर पुरुषांपेक्षां अधिक पोंचते. त्यांना बरोबर नेल्यावांचून सौदा पक्का करूं नये.

बांधून तयार असलेलें घर आणि बांधकाम चालू असलेलें घर यांत, नवख्यानें तयार घरच घ्यावें, असें मी म्हणेन. तयार घराला, भोगवटा पत्र मिळालेलें असल्यास, जी.एस.टी. पडत नाहीं, चालू बांधकामावर तो साधारण पांच टक्के पडतो, आणि भाडें तर ताबा मिळेपर्यंत शून्य. तरीही चालू बांधकामांतच घ्यावयाचें असेल तर 'महारेरा'कडील नोंदणी पाहिल्यावांचून एक रुपयाही देऊं नये. १ मे २०१७ पासून ही व्यवस्था अमलांत आली असून, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकीं ७० टक्के त्याच बांधकामासाठीं वेगळ्या खात्यांत ठेवणें विकासकास बंधनकारक आहे. प्रकल्पाची माहिती, मंजूर नकाशे व ताब्याची तारीख घरबसल्या पाहतां येते. जुन्या सोसायटींतील घर घेतांना मागील तीस वर्षांचा हक्कशोध वकिलाकडून करवून घ्यावा. पूर्वींचीं सर्व खरेदीखतें, सूची क्रमांक दोन, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा पत्र व सोसायटीचा ना-हरकत दाखला पाहावा. आणि इमारतीखालील जमीन सोसायटीच्या नांवें झाली आहे किंवा अजून विकासकाच्याच नांवें आहे, हेंही विचारावें. पुण्यांतील पुष्कळ सोसायट्यांची ही जमीन अजून त्यांच्या नांवें झालेली नाहीं. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर तिच्यांतून एक टक्का कर कापून सरकारांत भरण्याची जबाबदारी विकत घेणाऱ्याची असते, विकणाऱ्याची नव्हे. हें पुष्कळांस दंडाची नोटीस आल्यावर कळतें.

घर कोणाच्या नांवें घ्यावें, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत सर्वांत नाजूक व म्हणूनच सर्वांत शेवटीं काढला जाणारा. तो सर्वांत आधीं काढावा. महाराष्ट्रांत राहतें घर स्त्रीच्या नांवें घेतल्यास मुद्रांक शुल्कांत एक टक्का सवलत आहे. आपल्या ८० लाखांच्या उदाहरणांत ती ८०,००० रुपये होते, म्हणजे चार महिन्यांचें भाडें. परंतु पैसे पतीचे आणि नांव केवळ पत्नीचें असें असेल, तर त्या भाड्यावर आयकर पतीलाच भरावा लागतो. तो पत्नीच्या उत्पन्नांत दाखवून चालत नाहीं. दोघां भावांनीं पैसे घातले असतील तर कोणाचे किती, हें खरेदीखतांतच टक्क्यांनीं लिहावें. "आपल्यांत कसला हिशेब" हें वाक्य भाऊ बोलतात तेव्हां तें खरेंच असतें. पण त्यांचीं मुलें तें बोलत नाहींत, आणि सुनांना व जांवयांना तर तें ठाऊकही नसतें. एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलींचा मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ सालच्या दुरुस्तीनें मान्य झाला आहे, हें विसरून जे वांटणीचे आराखडे बांधतात, ते बहिणींना दुखवितात व कोर्टालाही काम लावतात. सोसायटींत नामनिर्देशन केलें म्हणजे वारस ठरला असें नव्हे. सोसायटी तेवढी त्या माणसाशीं व्यवहार करते, मालकी मृत्युपत्रानें किंवा वारसाहक्कानेंच ठरते. म्हणून घर घेतलें कीं त्याच वर्षीं मृत्युपत्र करावें.

अमेरिकेंत किंवा जर्मनींत स्थायिक झालेल्या मुलाच्या नांवें घर घेऊन वडिलांनीं इकडे भाडें पाहावें, ही रीत आतां सर्रास झाली आहे. मालक परदेशवासी असल्यास भाडें देणाऱ्यानेंच तीस टक्क्यांहून किंचित् अधिक कर कापून सरकारांत भरावयाचा असतो. ही कटकट ऐकून पुष्कळ बरीं बिऱ्हाडें परत जातात. कुटुंबांतील सोय पाहूनच अशा घराचें नांव ठरवावें.

बिऱ्हाड निवडतांना नोकरी, पूर्वींच्या घरमालकाचा अभिप्राय व भाडें देण्याची ऐपत या तीन गोष्टी पाहाव्या. येथें एक गोष्ट, कित्येकांस न रुचणारी, सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आडनांव विचारून, जात पाहून, किंवा धर्म ऐकून दार लावून घेण्याची चाल आपल्या सुशिक्षित घरांतून अद्यापि गेलेली नाहीं. 'शाकाहारी कुटुंबासच' ही पाटी तर पुण्यांत किती सहजपणें लागते ! नीतीचा भाग क्षणभर बाजूस ठेवला तरी हा व्यवहारही नुकसानीचा आहे. दहांपैकीं आठ उमेदवार अशा रीतीनें परत पाठविले म्हणजे उरलेल्या दोघांवर भाडें ठरतें, आणि घर दोन महिने रिकामें राहतें. वेळेवर पैसे देणारा, शेजाऱ्यांशीं सलोख्यानें राहणारा माणूस आडनांवावरून ओळखतां येत नाहीं. आणि आपलींच मुलें बंगळूर-दिल्लीस किंवा परमुलखांत घर शोधीत फिरतात तेव्हां त्यांना कोणीं आडनांवावरून परत पाठवावें असें आपणांस वाटतें काय ?

करार लेखी असणें व तो नोंदविणें महाराष्ट्रांत सक्तीचें आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणी नको, ही समजूत आपल्या राज्यापुरती चुकीची आहे. मुदत अकरा महिन्यांची असो वा पांच वर्षांची, नोंदणी लागतेच. ती केली नाहीं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. पण त्याहून वाईट म्हणजे, वाद झाल्यास कराराच्या अटींविषयीं राहणारा माणूस सांगेल तेंच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. एवढा धोका ज्या खर्चासाठीं पत्करला जातो तो खर्च क्षुल्लक आहे. मुद्रांक शुल्क संपूर्ण मुदतीच्या भाड्यावर, व परत करावयाच्या अनामतीवरील दहा टक्के वार्षिक व्याज धरून, पाव टक्का; आणि नोंदणी शुल्क महानगरपालिकेच्या हद्दींत हजार रुपये. महिना २०,००० व अनामत ६०,००० असल्यास वर्षाचें मुद्रांक शुल्क जेमतेम सहाशें-सव्वासहाशें होतें. ही नोंदणी आतां संगणकावरून घरींच होते. पोलीस ठाण्यास बिऱ्हाडाची माहिती कळवावी, ती पोंच जपून ठेवावी.

भाडें थकलें तर रागानें पाणी वा वीज तोडूं नये. तसें करण्यास त्याच कायद्यानें मनाई केली असून, ज्याची बाजू खरी होती तोच मालक त्यामुळें आरोपी होऊन बसतो. मुदत संपण्यापूर्वीं दोन महिने लेखी विचारणा करावी. नवा करार करावयाचा असल्यास जुना संपण्याच्या आंत करावा, कारण मधले करारावांचूनचे महिने हेच पुढील भांडणाचें मूळ असतात.

राहिली अनामत. ती मालकाची नव्हे, ठेव आहे. पण वापरांतील खात्यांत पडली कीं ती दिवाळीच्या खर्चांत जाते, आणि बिऱ्हाड सोडतांना मालकाची धांवपळ होते. तिचें वेगळें मुदत-खातें करावें. जागा देण्याच्या दिवशीं भिंती, नळ, दारें यांचीं छायाचित्रें काढून, विजेच्या मापकावरील आंकडा लिहून, दोघांनीं त्यावर सह्या कराव्या. रंगाचे किंवा मोडतोडीचे पैसे त्यांतून कापावयाचे असल्यास ते किती व केव्हां, हें करारांतच लिहिलेलें असावें, म्हणजे किल्ल्या परत येतील त्याच दिवशीं उरलेली रक्कम बिऱ्हाडाच्या हातीं देतां येईल.